तंबूपर्यंत पाणी

फारसी हा मी बारावीला घेतलेला विषय. आवडीने नव्हे. संस्कृतला गर्दी फार होती, आणि आमच्या सांगलीकडे असा पक्का समज होता की अर्धमागधी आणि फारसी हे 'स्कोअरिंग' विषय आहेत, बोर्डात भरभरून मार्क मिळतात. मिळाले. अक्षरओळख, चाळीसेक क्रियापदं आणि 'माझी बाग' हा निबंध एवढ्या भांडवलावर शंभरात पंच्याण्णव. माणूस अशा कारणासाठीही भाषा शिकतो हे नंतर मी ज्या ज्या इराण्याला सांगितलं, त्याने त्याने विषय बदलला.

२००३ साली मी व्हर्जिनियात स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते, आणि डिपार्टमेंटचे पैसे आटल्यामुळे माझी असिस्टंटशिप कॅन्सल झाली. त्याच सुमारास अमेरिकेत फारसी, अरबी, पश्तू वगैरे भाषांना अचानक भाव आला होता. का ते सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या एका प्राध्यापकांना आकडेमोड येणारं आणि उजवीकडून डावीकडे वाचता येणारं कुणीतरी हवं होतं. अख्ख्या कॅम्पसात अशी मी एकटी निघाले. आंधळा मागतो एक डोळा; मला दोन्ही डोळे आणि हेल्थ इन्शुरन्स मिळाला.

प्राध्यापकांचा प्रकल्प होता आजच्या इराणातल्या धार्मिक कवितेतली चिन्हं मोजण्याचा. जुनी गुलाब-बुलबुलवाली कविता नव्हे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, मोहरमच्या शोकसभांत गाऊन म्हटली जाणारी, इराकशी झालेल्या युद्धावर गेलेल्या पोरांच्या नावाने लिहिलेली. माझं काम सोपं होतं. कविता वाचायची, चिन्ह सापडलं की कॉम्प्युटरवर एका रकान्यात ते चिन्ह आणि शेजारच्या रकान्यात त्याचा अर्थ टाकायचा. ट्यूलिप: शहिदाचं रक्त. कबुतर: दर्ग्याच्या सोनेरी घुमटाभोवती घिरट्या घालणारा भक्त. सैनिकाच्या गळ्यातला ओळख पटवायचा बिल्ला: ज्याचं प्रेत सापडलं नाही असा मुलगा. प्राध्यापकांच्या मते जगातली सगळी भक्ती या दोन रकान्यांत बसत होती.

पहिल्याच महिन्यात मी शुक्रवारावर आपटले. एकामागून एका कवितेत शुक्रवार. शुक्रवारची संध्याकाळ, शुक्रवारचा रिकामा बसस्टॉप, शुक्रवारी फोन वाजतो आणि पलीकडे कुणी बोलत नाही. मी अर्थाच्या रकान्यात लिहिलं, 'साप्ताहिक सुट्टी'. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे चणे-गूळ आणि आंबट वर्ज्य, त्यामानाने मला हे बरंच शास्त्रीय वाटलं होतं. प्राध्यापकांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." अमेरिकन माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की समजावं, आपण माती खाल्ली. शिया लोकांचे बारावे इमाम दृष्टीआड आहेत, एक दिवस ते परत येतील, आणि येतील ते शुक्रवारी, अशी श्रद्धा आहे. म्हणजे तो शुक्रवार सुट्टीचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. दर आठवड्याला येतो, आणि दर आठवड्याला कुणी येत नाही.

"तुला पुस्तकं पुरणार नाहीत. जिवंत माणूस लागेल," असं म्हणून प्राध्यापकांनी मला व्हर्जिनियातल्याच हर्नडन गावी खानमकडे पाठवलं.

खानम म्हणजे बाईसाहेब. सगळे त्यांना तेवढंच म्हणत, म्हणून मीही. सत्तरी ओलांडलेल्या, इराणातल्या काशानला मुलींच्या शाळेत आयुष्यभर फारसी शिकवलेल्या, आणि आता टाउनहाउसमध्ये मुलीकडे राहणाऱ्या. मुलगी आयटीत, सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. दिवसभर घरात खानम, चहाचा समोवार आणि आठवड्यातून एकदा मी. मी रूममेटची खटारा गाडी ड्राइव्ह करत जायचे. खानम माझ्याशी दुसरीतल्या पोरीशी बोलावं तशा हळूहळू बोलत. मी बोलू लागले की डोळे मिटत. मला वाटायचं लक्ष देऊन ऐकताहेत. नंतर कळलं, सहन करताहेत.

त्या स्वतःही शोकाच्या कविता लिहीत, आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. मी गेले त्या पहिल्या दिवसापासून हवी होती, आणि त्यांनी ती चहाचा पहिला पेला संपायच्या आत सांगून टाकली. हर्नडनच्या इराणी बायकांची मोहरमात शोकसभा भरायची. त्या सभेत खानमची एक कविता, जशी लिहिली तशी, एकही शब्द न बदलता, म्हटली जायला हवी होती. सभेत कविता गाऊन म्हणणारी बाई दरवर्षी ती कविता घ्यायची, वाचायची, डोळे पुसायची आणि परत करायची. एका ओळीसाठी.

"कुठली ओळ?" मी विचारलं.

"तू आधी शुक्रवार नीट कर," खानम म्हणाल्या.

मग आमची शिकवणी सुरू झाली. हरीण आलं. एका हरणीला शिकाऱ्याने पकडलं, आणि पाडसांना दूध पाजून परत येते म्हणाली तेव्हा आठवे इमाम तिला जामीन राहिले, अशी कथा आहे. आजचा एखादा कवी व्हिसाच्या रांगेत उभा राहून त्याच इमामांना म्हणतो, मलाही जामीन राहा. मला त्या आठवड्यात अपार्टमेंटसाठी को-सायनर, म्हणजे जामीन राहणारा, मिळत नव्हता. हरणीचा असा हेवा मला आयुष्यात पुन्हा वाटला नाही.

त्या वर्षीचा मोहरम आला आणि मी माझ्या परीने कळस केला. आमच्या गावात मोहरम म्हणजे ताबूत, ढोल, चौकाचौकात सरबत आणि शेजारच्या चाचींकडून येणारे चोंगे. चोंगे म्हणजे गुळाचे गोड पुऱ्यांसारखे. आम्ही पोरं त्या दिवसांची दिवाळीसारखी वाट पाहायचो. तेव्हा मी आईला फोन करून चोंग्यांची रीत विचारली, स्मोक अलार्म दोनदा वाजवला, आणि गरमागरम डबा घेऊन खानमच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "मोहरमच्या शुभेच्छा!"

खानम डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होत्या. घरातले आरसे झाकलेले होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला आत घेतलं. एक चोंगा तोडून तोंडात टाकला.

"चांगला झालाय," म्हणाल्या. "पण शुभेच्छा कशाच्या, पोरी? आमच्या घरचं माणूस गेलंय."

मला वाटलं जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं. ततपप करत मी गावची सगळी हकिकत सांगितली, ताबूत, ढोल, हिंदू-मुसलमान सगळे कसे असतात, सरबत कसं वाटतात. सरबतावर त्या थांबल्या.

"येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना देतात?"

"सगळ्यांना. पोरांना तर बोलावून बोलावून."

"मग तुमचं गाव बरोबर करतं," खानम म्हणाल्या, आणि दुसरा चोंगा घेतला. मग त्यांनी ती कविता काढली.

करबलाची कथा थोडी तरी माहीत असल्याशिवाय ती कळायची नाही. वाळवंटात अडवलेला, पैगंबरांचे नातू असलेल्या तिसऱ्या इमामांचा कबिला. नदी समोर दिसते, पण शत्रूने रोखलेली. तंबूत पोरं पाण्यासाठी रडताहेत. इमामांचा धाकटा भाऊ पखाल घेऊन नदीवर जातो. ओंजळ भरतो, पोरं आठवतात, पाणी सोडून देतो; स्वतः थेंबही पीत नाही. परतताना त्याचा एक हात तोडतात, मग दुसरा. तो पखाल दातांत धरतो. मग एक बाण पखालीला लागतो आणि पाणी वाळूत जिरतं. एवढ्यावर तेराशे वर्षं माणसं रडताहेत. आणि आजच्या कवितेत तीच पखाल खंदकातल्या सैनिकाच्या पाण्याच्या बाटलीत उतरते, तेच तुटलेले हात हॉस्पिटलच्या खाटेवर दिसतात.

खानमच्या कवितेतही हे सगळं होतं. नदी होती, हात होते, बाण होता. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: पखाल तंबूत पोहोचली, पोर प्यालं, त्याने ओठ पुसले.

मी ओळ परत वाचली. मग माझ्या पंच्याण्णव मार्कांची शंका येऊन मोठ्याने वाचली. बरोबर होतं. पोहोचली.

"पण खानम, ती पोहोचत नाही ना?"

"सभेतली बाईही हेच म्हणते," खानम म्हणाल्या. "ती म्हणते, सनद आण. कुणीतरी, कुठल्यातरी कवीने, एकदा तरी पाणी पोहोचवलं असेल तर मी म्हणते. तुझ्या कॉम्प्युटरात सगळ्या कविता आहेत. तू शोध."

मी शोधलं. कामाच्या वेळात, प्राध्यापकांच्या खर्चाने. प्रोग्राम लिहिला: जिथे जिथे पखाल आहे, तिथे तिथे तिचं पुढे काय होतं. वर्षभर नव्या कविता येत गेल्या आणि मी प्रोग्राम परत परत चालवत राहिले. नुसती मजा म्हणाल तर काय काय सापडलं! एका कवितेत पखालच रडते. एकीत नदी शरमेने मागे मागे चालत येते. एकीत आई आजच्या काळात फ्रिज उघडते आणि बाटलीला हात लावायचं धाडस तिला होत नाही. पण पाणी पोहोचलं, असं एकाही माणसाने लिहिलेलं नव्हतं. मी खरंच सांगते, एखादा तरी भोळा, कच्चा, वेंधळा कवी सापडेल अशी माझी खात्री होती. मराठीत सापडला असता.

प्राध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग," आणि खानमची कविता 'आउटलायर' म्हणून वगळायला सांगितली. आउटलायर म्हणजे बाकीच्या माहितीत न बसणारा एखादा बिंदू. तो काढला की आलेख छान दिसतो. चार वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकून मी असे कितीतरी बिंदू काढले होते. कधी काही वाटलं नव्हतं.

पुढचा मोहरम तोंडावर आला तेव्हा हर्नडनला जाऊन मी निकाल सांगितला. वर शहाणपणाही केला. म्हटलं, "खानम, एवढ्या सगळ्या कवी लोकांनी जे केलं नाही ते तुम्ही का करता? बदला ना ती ओळ. कविता तर म्हटली जाईल." उचलली जीभ लावली टाळ्याला.

खानमनी चहा ओतला. मग शाळेत धडा समजावतात त्या आवाजात सांगितलं. त्यांचा धाकटा मुलगा युद्धावर होता. एकोणीस वर्षांचा. पोटात गोळी लागली. पोटात जखम असली की पाणी द्यायचं नाही असा नियम असतो, पाणी दिलं तर माणूस दगावतो. तो गाडीत मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून वाटभर पाणी मागत राहिला. मित्राच्या कमरेला बाटली होती. त्याने दिलं नाही. हॉस्पिटल आलंच नाही.

"तो मित्र घरी आला होता," खानम म्हणाल्या. "माझ्या पायांवर पडला. म्हणाला, मावशी, मरणारच होता हे ठाऊक असतं तर मी दिलं असतं. मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्याला तो उचलवेना."

मग मी भलतंच बोलले. माझे बाबा मी अमेरिकेत आले त्याच हिवाळ्यात गेले होते. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी अडकलेला, मी पोहोचू शकले नाही. हे मी तोवर कुणालाही धड सांगितलं नव्हतं. खानमना सांगितलं, की आमच्यात जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. घरच्यांनी घालायचं असतं. जो पोहोचू शकत नाही त्याच्या नावाने दुसऱ्याने घातलं तरी चालतं. भावाने घातलं, आणि मग आईने माझं नाव घेऊन आणखी एक चमचा घातलं.

"तुझं नाव घेऊन?"

"हो."

"गिळलं त्यांनी?"

"आई म्हणाली, गिळलं."

"मग तुझ्याकडून पोहोचलं," खानम म्हणाल्या. मी इतकी रडले की त्यांना उठून टिश्यूचा खोका आणावा लागला. इतकी वर्षं ज्याच्यावर हुंदकासुद्धा काढला नव्हता, ते सगळं त्या परक्या घरातल्या सोफ्यावर बाहेर आलं. आणि त्याच सोफ्यावर मी ठरवलं की ती ओळ म्हटली गेली पाहिजे. सनद गेली खड्ड्यात.

सभेत म्हणणारी बाई दातांची डॉक्टर होती. मोहरमात डोक्यावरून अंगभर लपेटायची काळी चादर आणि माइक, एरवी पांढरा कोट आणि ड्रिल. फोनवर तिची गाठ पडेना. रिसेप्शनवरची मुलगी विचारायची, "डू यू हॅव अ टूथ प्रॉब्लेम?" शेवटी मी म्हटलं, हो, आहे. विद्यार्थ्यांच्या इन्शुरन्सात दात धरत नाहीत. अमेरिकेत दात हा शरीराचा भाग नाही. तरी गेले.

खुर्चीत आडवी झाले आणि तिने आरसा तोंडात घालायच्या आत म्हटलं, "मी खानमकडून आले आहे. त्या ओळीबद्दल."

"तोंड उघडा," ती म्हणाली.

उघडलं. एकदा तोंडात आरसा, टोचणी आणि थुंकी ओढणारी नळी गेल्यावर तिने वाद सुरू केला. वाद घालायची ही पद्धत मी आजवर दुसरीकडे पाहिली नाही, पण शिकून घेण्यासारखी आहे.

"खानम माझ्या आईसारख्या आहेत," ती म्हणाली. "पण पाणी पोहोचलं तर आम्ही रडायचं कशासाठी? पोरं प्यायली, झोपली, सगळे घरी गेले. मग करबला उरलीच कुठे?"

"आँ," मी म्हणाले.

"दुसरं. त्या हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी तहानलेलं गेलंय. माझा मामा गेला. समोवारपाशी बसते तिचा नवरा गेला. एकट्या खानमच्या मुलाला मी माइकवरून पाणी द्यायचं, आणि बाकीच्यांनी काय बघत बसायचं?"

माझी सगळी आकडेवारीसुद्धा तिच्याच बाजूने होती. तिने नळी काढली, पेला पुढे केला आणि चूळ भरायला सांगितली. मी चूळ भरली आणि म्हटलं, "तुम्ही नका म्हणू. त्या ओळीपर्यंत तुम्ही म्हणा, आणि माइक खानमच्या हातात द्या. त्यांची ओळ, त्यांचं तोंड. मध्ये तुम्ही नाही, सनद नाही."

तिने हातमोजे काढून डब्यात टाकले.

"पाप त्यांच्या डोक्यावर," ती म्हणाली.

"चालेल."

"आणि तुमच्या खालच्या दाढेला कीड आहे."

मी हे खानमना सांगितलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी कपाळाचं चुंबन घेतलं. नंतर मुलीच्या कपाटातली काळी चादर मला काढून दिली, कारण माझ्याकडे काळं म्हणजे एक संक्रांतीची साडी होती, आणि तिच्यावर चांदण्या होत्या.

सभा शनिवारी दुपारी होती. ऑफिस पार्कातला एक हॉल, एका बाजूला कराटे क्लास, दुसऱ्या बाजूला टॅक्सचं ऑफिस. बाहेर बर्फ पडून गेलेलं, दाराशी ओल्या बुटांचा ढीग. आत भिंतींवर काळं कापड, जमिनीवर बायका, प्रत्येक ओळीत टिश्यूचा खोका. मध्येच भिंतीपलीकडून कराटेच्या पोरांचं 'हा!' ऐकू यायचं. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मी खानमच्या शेजारी बसले.

डॉक्टरीण माइकपाशी उभी राहिली आणि दिवे मंद झाले. एरवी 'तोंड उघडा' म्हणणाऱ्या त्या बाईचा आवाज असा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने खानमची कविता सुरू केली. नदी आली. ओंजळ आली. बायका छातीवर हात मारू लागल्या, एका लयीत. पहिला हात तुटला, दुसरा तुटला. पखाल दातांत धरली, तेव्हा समोवारपाशी बसलेली बाई मोठ्याने ओरडली. सगळ्या रडत होत्या, मीही रडत होते. मला अर्थ कळत होता आणि त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मला आठवत नव्हतं.

बाण लागला. डॉक्टरीण थांबली. माइक घेऊन बायकांमधून वाट काढत आली आणि खाली वाकून तो खानमच्या हातात दिला.

काही बायकांना ती ओळ माहीत होती, हे त्यांच्या माना वळल्या त्यावरून कळलं. खानमनी माइक दोन्ही हातांनी धरला. मी मनात म्हणत होते, म्हणा. पोहोचली म्हणा. एवढी वर्षं याच्यासाठी थांबलात.

खानम म्हणाल्या, "पखाल तंबूत पोहोचली नाही."

आवाज स्वच्छ होता, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा. मग पुढे म्हणाल्या, "पोराने पाणी मागितलं. पाणी आलं नाही." एवढंच. माइक डॉक्टरणीला परत दिला. तिने तो घेतला आणि शेवटची ओळ म्हटली. हॉलमध्ये जे रडणं उसळलं ते मी आयुष्यात पुन्हा ऐकलेलं नाही. बायका उठून खानमकडे येत होत्या, त्यांचे खांदे धरत होत्या. खानम रडत नव्हत्या. सगळ्यांना थोपटत होत्या.

मी मात्र भडकले होते. खरं सांगायचं तर मला पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटत होतं. गाडीत बसेपर्यंत कसंबसं तोंड दाबून धरलं. दार लावलं आणि सुटलेच. "काय केलंत हे? दात किडका निघाला माझा तुमच्यापायी! माइक तुमच्या हातात होता. कुणी अडवलं नव्हतं. ती बाईसुद्धा कबूल झाली होती. आणि तुम्हीच..."

खानम ओल्या बुटांवरचा बर्फ टिश्यूने पुसत होत्या. मी बोलून थकेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं.

"त्या सभेत गेलेलेही येऊन बसतात," त्या म्हणाल्या. "आम्ही तसं मानतो. तोही असणार. माइक हातात आला आणि माझ्या मनात आलं, जो तहानलेला गेला, त्यालाच मी एवढ्या लोकांसमोर सांगू, की तू पाणी प्यालास?"

मला पुढे काही विचारायचा धीर नव्हता. पण मी विचारलं. माझा स्वभावच तसा. "मग इतकी वर्षं ती ओळ ठेवलीत कशाला? दरवर्षी लिहून काढायची, दरवर्षी कुणाच्या तरी हातात द्यायची..."

"लिहून काढताना पितो ना तो," खानम म्हणाल्या.